कमरेचं दुखणं आणि बुडालेली हजेरी



१ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि पुढे पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावात जिल्ह्याचं मुख्यालय उभं राहिलं. पण या रस्त्याची खरी वर्दळ तारापूर एमआयडीसीची. तिथे कुणी रसायनांचे ड्रम लोटतो, कुणी लोखंड उचलतो, कुणी कापडाचे तागे वाहतो. आसपासच्या पाड्यांवरच्या बाया पावसाळ्यात भाताच्या आवणीला दिवसभर वाकलेल्या असतात. या माणसांची कंबर धरली, की घरातला पैसा कसा जातो, त्याबद्दल मला बोलायचंय.

ऑपरेशनची धास्ती सगळ्यांना असते, पण बहुतेकांना ते लागतच नाही. घर रिकामं होतं ते किरकोळीत. आज इंजेक्शन, उद्या गोळ्या, मग पट्टा, मग एमआरआय, आणि मोठ्या डॉक्टरसाठी मुंबई नाहीतर वापी-वलसाड. सोबत घरचं माणूस, म्हणजे दोघांचा खाडा. हजेरीवर काम करणाऱ्याला औषधापेक्षा हा खाडाच महाग पडतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ती योजना मुख्यतः दाखल रुग्णांसाठी. महिनोन्‌महिने चालणाऱ्या गोळ्या-व्यायामाचा खर्च खिशातूनच होतो.

म्हणून कारखान्यातल्या भावाबहिणींनो, आपली पगाराची चिठ्ठी नीट बघा. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर ईएसआयसाठी, म्हणजे राज्य कामगार विम्यासाठी, तुमचे ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. ठेकेदाराच्या माणसांनाही हा हक्क आहे. त्यात दाखल न होता घेतलेले उपचार आणि औषधंही येतात, कुटुंबालाही मिळतात. शिवाय वर्गणीचे दिवस भरले असतील, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. बुडालेल्या हजेरीची भरपाई देणारी दुसरी सोय मला दिसत नाही. कपात दिसत नसेल, तर विचारा, आणि एकट्याने नको, चारजण मिळून विचारा.

शेतावर, वीटभट्टीवर राबणाऱ्यांना सहसा ईएसआय मिळत नाही. त्यांनी आधी सरकारी दवाखाना गाठावा. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिलं. त्यात व्यायामावर आणि दुखणं समजावून सांगण्यावर भर आहे. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन सरसकट वापरू नयेत, असंही म्हटलंय. गरिबाचा पैसा मात्र याच गोष्टींवर जातो, याचं मला फार वाईट वाटतं. पण पाय बधिर झाले, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, ताप आला किंवा पडून मार लागला असेल, तर एक दिवसही थांबू नका.

आणि एक मागणी. व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट सरकारी दवाखान्यात संध्याकाळी, पहिली पाळी सुटल्यावर बसवा. कोळगावच्या कचेरीत हा निर्णय झाला, तर उपचारासाठी कुणाला हजेरी बुडवावी लागणार नाही.