तलाव कोणाचा? – हेब्बाळ आणि विद्यापीठीय अभ्यासातील पर्यावरणीय राजकारण



बेंगळुरू शहराच्या उत्तरेस, विमानतळाकडे जाणाऱ्या महामार्गालगत हेब्बाळचा तलाव आहे. विस्तार सुमारे दीडशे एकरांचा. केम्पेगौडा यांनी १५३७ च्या सुमारास तो बांधल्याचे परंपरेने सांगितले जाते. वस्ती मात्र तलावाहूनही जुनी आहे. २०१८ मध्ये येथे एक वीरगळ उजेडात आला. त्यावरील लेख इ. स. ७५० च्या सुमाराचा, गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातला असून शत्रुसैन्याशी लढताना पडलेल्या कित्तय्या नावाच्या वीराची स्मृती त्यात कोरलेली आहे. हे सैन्य राष्ट्रकूटांचे असल्याचे अभ्यासक मानतात. महाराष्ट्रातील वाचकास हा संदर्भ परका वाटू नये.

या तलावाच्या भोवती विद्यासंस्थांची दाटी आहे. कृषी विज्ञान विद्यापीठ, त्याच्या गांधी कृषी विज्ञान केंद्राच्या आवारातील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, पलीकडे जक्कूरच्या बाजूस पर्यावरण संशोधनासाठी ख्यातनाम असलेली ‘अत्री’ ही संस्था आणि शहराच्या दिशेने थोड्याच अंतरावर भारतीय विज्ञान संस्था. बेंगळुरूच्या तलावांतील पाण्याचा कस, पक्ष्यांच्या नोंदी, गाळाचे प्रमाण, जलपर्णीची वाढ या विषयांवर शहरातील संशोधकांनी दीर्घकाळ काम केले आहे. तलाव कशाने बिघडतो, याचे उत्तर विज्ञानाने बव्हंशी दिलेले आहे. तो बिघडू कोण देतो, त्याच्या काठाचे काय करायचे हे कोण ठरवतो आणि त्या निर्णयाची किंमत कोणाच्या पदरी पडते, हे प्रश्न मात्र प्रयोगशाळेच्या कक्षेबाहेर राहतात. पर्यावरणीय राजकारण या ज्ञानशाखेचे क्षेत्र नेमके हेच. मराठीत ‘राजकारण’ हा शब्द उच्चारताच कारस्थानाची छटा मनात उमटते, त्यामुळे विषयाच्या नावापाशीच पुष्कळ विद्यार्थी अडखळतात. येथे तो शब्द निर्णयप्रक्रिया आणि सत्तासंबंध या मूळ अर्थानेच घ्यावयाचा आहे.

भारतातील महाविद्यालयांत पर्यावरण शिक्षण आले ते न्यायालयाच्या दारातून. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या निर्णयात हा विषय सर्व स्तरांवर सक्तीचा करण्याचे निर्देश होते. प्रत्यक्षात पदवी स्तरावर सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम लागू होण्यास २००३-०४ उजाडले, तेही न्यायालयाने पुन्हा तगादा लावल्यानंतर. या अभ्यासक्रमाचे पाठ्यपुस्तक विद्यापीठ अनुदान आयोगासाठी पुण्याचे डॉ. एरॅच भरुचा यांनी तयार केले. त्यात परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण यांच्या जोडीला सामाजिक प्रश्नांचा एक घटक होता आणि अखेरीस क्षेत्रकार्याचा. जवळची नदी, तलाव, गवताळ कुरण वा टेकडी विद्यार्थ्याने प्रत्यक्ष पाहावी आणि तिची नोंद करावी, अशी ती योजना होती. पुष्कळ ठिकाणी या क्षेत्रकार्याची सहल झाली आणि प्रकल्पवह्या एकमेकींवरून उतरवल्या गेल्या. दोष अभ्यासक्रमापेक्षा तो राबवण्याच्या रीतीचा अधिक. एरवी पर्यावरणीय राजकारण शिकवण्याची खरी जागा या दुर्लक्षित घटकातच होती.

हेब्बाळ तलावाची गेल्या काही दशकांची हकिगत त्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास कर्नाटक शासनाने नेमलेल्या लक्ष्मण राव समितीने शहरातील उरलेले तलाव राखण्याची शिफारस केली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेच्या सहकार्याने हेब्बाळ तलावाच्या पुनरुज्जीवनाचे काम झाले. २००२ मध्ये राज्यात तलाव विकास प्राधिकरण स्थापन झाले. तलावांच्या देखभालीस पैसा अपुरा आहे, तेव्हा खासगी भांडवलास वाव द्यावा, असा विचार पुढे आला आणि त्यातून काही तलाव दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने कंपन्यांना देण्यात आले. हेब्बाळचा तलाव हॉटेल व्यवसायातील एका कंपनीकडे पंधरा वर्षांसाठी गेला. नागवार, आगरा आणि वेंगय्यनकेरे हे तलावही याच वाटेने गेले. कंपनीने तलाव राखावा, त्या बदल्यात नौकाविहार आणि पर्यटन यांतून उत्पन्न मिळवावे, असा हा व्यवहार होता.

कागदावर तो बिनतोड दिसतो. गाळ निघतो, कुंपण होते, शासनाला भाडे मिळते. परंतु तलाव हा केवळ पाण्याचा साठा नव्हे. काठावर गवत कापून जनावरे पोसणारी कुटुंबे असतात, मासेमारी करणारे असतात, परीट असतात. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. कुंपण आणि प्रवेशशुल्क आले की या साऱ्यांचा तलावाशी असलेला संबंध बदलतो. करार करताना त्यांपैकी कोणीही पक्षकार नसतो. ‘एन्व्हायर्न्मेंट सपोर्ट ग्रुप’ या संस्थेने २००८ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली, ती या मुद्द्यांवर. न्यायालयाने न्यायमूर्ती एन. के. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०१२ मध्ये अंतिम आदेश देऊन तलाव संरक्षणाची यंत्रणा जिल्हा पातळीपर्यंत उभी करण्यास सांगितले.

या वादाच्या मुळाशी सार्वजनिक न्यासाचे तत्त्व आहे. बियास नदीकाठच्या एका पर्यटन निवासासंबंधी १९९६ मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले होते. नद्या, किनारे, वने यांचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे, हे त्याचे सार. २००१ च्या हिंच लाल तिवारी प्रकरणात गावतळ्यांनाही संरक्षण मिळाले. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे निकाल वाचले तर राज्यसंस्थेच्या स्वरूपाविषयीची चर्चा त्याला काठावर उभे राहून करता येईल. मालक आणि विश्वस्त यांतील अंतर पाठ्यपुस्तकात एका ओळीचे असते. हेब्बाळला ते कुंपणाच्या रूपाने दिसू शकते.

यंत्रणांच्या नावांचा गुंताही अभ्यासाचा विषय ठरतो. २००२ च्या प्राधिकरणाच्या जागी २०१४ च्या कायद्याने नवे प्राधिकरण आले, २०१८ मध्ये तेही मोडीत निघून तलावांचा कारभार दुसऱ्या एका प्राधिकरणाकडे गेला. २०२५ मध्ये शहराची महापालिकाच पाच महापालिकांत विभागली गेली. दरवेळी जबाबदारी कोणाची हे नव्याने शोधावे लागते, आणि जबाबदारी शोधण्यात गेलेला काळ अतिक्रमणाला पुरेसा असतो.

विज्ञानाचा अभ्यासक या प्रश्नांपर्यंत कसा पोहोचतो, याचे उत्तम उदाहरण मूळचे पुण्याचे माधव गाडगीळ यांचे. योजना आयोगाचे उपाध्यक्ष राहिलेले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे हे पुत्र १९७३ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि तेथे १९८३ मध्ये त्यांनी परिस्थितिकी विज्ञान केंद्राची स्थापना केली. १९७० च्या दशकात कर्नाटकातील बांबूचा प्रश्न त्यांच्याकडे अभ्यासासाठी आला. कागद गिरण्यांमुळे बांबू संपतो, ही बुरुडांची तक्रार होती. उलट बुरुड आणि गावकरीच बांबू ओरबाडतात, असा वन खात्याचा समज होता. रानात जाऊन केलेल्या मोजणीतून वेगळेच चित्र पुढे आले. तोड सोपी व्हावी म्हणून बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी आवरण काढले जाई आणि त्यामुळे कोवळे कोंब जनावरांच्या तोंडी पडत. गिरण्यांना बांबू नाममात्र दराने मिळे, बुरुडाला मात्र बाजारभाव मोजावा लागे. कोंबांची मोजणी ही जीवशास्त्राची होती. दरातील तफावतीचा प्रश्न राजकीय होता. पुढे इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्यासमवेत १९९२ आणि १९९५ मध्ये त्यांनी लिहिलेले दोन ग्रंथ या विषयाच्या अभ्यासक्रमांत आधारभूत मानले जातात.

राज्यशास्त्राच्या बाजूनेही हा पूल बांधला गेला आहे. पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी १९२० च्या दशकातील मुळशी सत्याग्रहाचा शोध घेतला. टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकरी उभे राहिले, एवढे शालेय पुस्तकातून कळते. व्होरांनी त्यापुढे जाऊन मावळे, सावकार, पुण्यातील पांढरपेशे पुढारी आणि कंपनी यांचे हितसंबंध उलगडून दाखवले. शेतकरी आणि सावकार जमिनीच्या प्रश्नावर एका बाजूला दिसले तरी जमीन जाण्याचा अर्थ दोघांना एकच नव्हता. चळवळीला ‘जनता विरुद्ध धरण’ असे एकरंगी रूप देणाऱ्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. भंडारा-गोंदियातील मालगुजारी तलाव हा असाच आणखी एक विषय. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव मालगुजारी संपल्यावर शासनाकडे आले. तेव्हा सिंचनाचा हक्क, ढिवरांचा मासेमारीचा हक्क आणि दुरुस्तीची जबाबदारी यांचे जे झाले, त्यावर एखादा प्रबंध सहज उभा राहील.

हेब्बाळला आज हाती घेण्याजोगा प्रश्न पाण्याच्या प्रवासाचा आहे. हेब्बाळ खोऱ्यातील पाणी नागवारमार्गे पूर्वेकडील तलावांच्या साखळीतून पुढे दक्षिण पिनाकिनीस मिळते. याच हेब्बाळ-नागवार खोऱ्यातील सांडपाणी शुद्ध करून, दररोज सुमारे २१ कोटी लिटर, प्रामुख्याने दुष्काळी चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील तलाव भरण्यासाठी नेण्याची योजना शासनाने उभारली. ज्या शेतकऱ्याची विंधन विहीर कोरडी पडली होती, त्याला हे पाणी वरदान वाटते. शुद्धीकरण दुसऱ्या टप्प्यावर थांबते, तिसरा टप्पा हवा होता, असे अनेक तज्ज्ञांचे म्हणणे आहे. हे पाणी जमिनीत मुरते आणि पिण्याच्या विहिरींपर्यंत पोहोचते. पाणी कोणी तपासायचे, अहवाल गावात कोणत्या भाषेत लावायचा, शहराने आपले सांडपाणी देताना कोणती हमी द्यायची, यांवर माहिती अधिकाराखाली कागदपत्रे मागवता येतात, ग्रामसभांचे ठराव पाहता येतात, विहिरींचे पाणी स्वतः तपासता येते. रसायनशास्त्राचा एक, राज्यशास्त्राचा एक आणि कन्नड उत्तम जाणणारा एक अशा तीन विद्यार्थ्यांचा गट एका सत्रात चार-पाच गावांचे काम नीट करू शकेल. उन्हाळ्यात तलाव उतरल्यावर एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, असे दोनदा जाणे मात्र आवश्यक आहे.