जुन्या रहस्यपटांचा पुनर्जन्म

खुनाचा उलगडा एकदां झाला म्हणजे रहस्यकथा संपते, असें सामान्यतः समजलें जातें. खुनी कोण हें कळल्यावर तीच गोष्ट दुसऱ्यानें पुन्हां सांगावयास बसावें आणि आपण ती पुन्हां पैसे मोजून पाहावी, यांत वरवर पाहतां शहाणपणा दिसत नाहीं. तथापि चित्रपटाच्या धंद्यांत गाजलेले रहस्यपट पुन्हां पुन्हां काढले जातात. कधीं दुसऱ्या भाषेंत, तर कधीं त्याच भाषेंत अर्धशतकाच्या अंतरानें. हा उद्योग करण्याजोगा आहे काय, आणि असल्यास कोणत्या अटींवर, एवढाच प्रश्न आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. एक गोष्ट आरंभींच सांगून टाकतों. ज्या चित्रपटांचा उल्लेख ओघानें येईल, त्यांतील अखेरचा भेद मी फोडणार नाहीं. ज्यांनीं ते पाहिले नसतील त्यांच्या आनंदावर दरोडा घालण्याचा अधिकार वक्त्याला नाहीं.

प्रथम एक ठळक उदाहरण घेऊं. ‘इत्तेफाक’ हा हिंदी चित्रपट १९६९ सालचा. निर्माते बी. आर. चोप्रा आणि दिग्दर्शक त्यांचे धाकटे बंधु यश चोप्रा. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला एक चित्रकार वेड्यांच्या इस्पितळांतून पळतो आणि रात्रीं एका बंगल्यांत शिरतो. तेथें एक स्त्री एकटीच आहे. आणि कांहीं वेळानें त्याच घरांत तिच्या नवऱ्याचें प्रेत सांपडतें. जवळजवळ सारी कथा एका रात्रींत आणि एका घरांत घडते. चित्रपटांत एकहि गाणें नाहीं. गाण्यावांचून हिंदी चित्रपट म्हणजे मिठावांचून जेवण, असें मानणाऱ्या त्या काळांत हें धाडसच होतें. नायक राजेश खन्ना, आणि नायिका आपल्या कोल्हापूरच्या मास्टर विनायकांची कन्या नंदा. सालस व सोशिक भूमिकांसाठीं प्रसिद्ध असलेल्या या अभिनेत्रीला संशयाच्या सांवलींत उभें करणें, हीच दिग्दर्शकाची निम्मी युक्ति होती. यश चोप्रा यांना या चित्रपटाबद्दल उत्कृष्ट दिग्दर्शनाचें फिल्मफेअर पारितोषिक मिळालें.

नोव्हेंबर २०१७ मध्यें याच नांवाचा नवा चित्रपट निघाला. दिग्दर्शक अभय चोप्रा हे बी. आर. चोप्रा यांचे नातू. आजोबांची मिळकत नातवानें पुन्हां कसावयास घेतली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. चित्रकाराचा येथें लेखक झाला, बंगल्याच्या जागीं मुंबईतील सदनिका आली, आणि तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला, म्हणजे अक्षय खन्नाला, कथेचा मध्य मिळाला. त्याच्यापुढें दोन संशयित, दोन परस्परविरुद्ध हकीकती आणि तीन दिवसांची मुदत. शेवटहि बदलला. जुन्या चित्रांत आपण ‘आतां काय घडणार?’ म्हणून श्वास रोखतों. नव्यांत ‘या दोघांपैकीं खरें कोण बोलतें?’ म्हणून विचार करतों. हा फरक लहान नाहीं. पहिला प्रश्न भीतीचा आहे, दुसरा विश्वासाचा. नव्या दिग्दर्शकाला स्वतःचा प्रश्न सांपडला होता, म्हणून त्याचा प्रयत्न समर्थनीय ठरतो. परंतु त्या एका रात्रीची कोंडी सुटली आणि प्रेक्षक घराबाहेर पडला, तेव्हां कथेतील घुसमटहि बरीचशी निघून गेली, हेंहि प्रामाणिकपणें म्हटलें पाहिजे.

येथें कोणी म्हणेल, ‘मूळ तें मूळच, त्याला हात लावूं नये.’ हें मत ऐकावयास गोड आहे, पण इतिहास त्याला साक्ष देत नाहीं. ज्याला आपण मूळ म्हणतों तो १९६९ चा ‘इत्तेफाक’ स्वतःच उसनवारीवर उभा होता. तो ‘धुम्मस’ या गुजराती नाटकावरून घेतलेला. तें नाटक माँटी डॉइल यांच्या ‘साइनपोस्ट टु मर्डर’ या इंग्रजी नाटकावरून रचलेलें. आणि त्या इंग्रजी नाटकावर अमेरिकेंत १९६४ सालींच चित्रपट निघालेला. अमेरिकेंतील दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. डॅशिएल हॅमेट यांच्या ‘द माल्टीज फाल्कन’ या कादंबरीवर १९३१ आणि १९३६ सालीं चित्रपट निघाले होते. जॉन ह्यूस्टन यांनीं तीच कथा १९४१ सालीं तिसऱ्यांदा घेतली, आणि आज अभिजात म्हणून गौरविला जातो तो हा तिसराच. पुनर्निर्मितीला सरसकट बंदी घातली असती तर तो जन्मासच आला नसता.

याच्या उलट टोंकाचें उदाहरण हिचकॉक यांच्या ‘सायको’चें. १९६० सालच्या या चित्रपटाची गस व्हॅन सँट यांनीं १९९८ सालीं जवळजवळ दृश्याला दृश्य जुळवून नक्कल केली. फरक मुख्यतः रंगांचा आणि नटांचा. भोसरीच्या ओतकामाच्या कारखान्यांत एका साच्यांतून दुसरा नग तंतोतंत पहिल्यासारखाच निघावा लागतो. तेथें वेगळेपणा हा दोष. कलेंत नेमकें उलट आहे. दुसरा नग पहिल्यासारखाच असेल, तर तो काढलाच कां, या प्रश्नाला उत्तर राहत नाहीं.

आतां मराठीकडे वळूं. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ हा चित्रपट १९६४ सालचा, जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारलेला. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या त्यांत प्रमुख भूमिका. एका वकिलाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. आणि पुढें हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी स्त्री आरोपी म्हणून न्यायालयांत उभी राहून, ‘मीच तुमची पत्नी’ असें सांगते. दोनच वर्षांनीं, १९६६ सालीं, राज खोसला यांनीं ही कथा ‘मेरा साया’ या नांवानें हिंदींत आणली. मराठी रहस्यपट त्यामुळें देशभर पोंचला. त्या काळीं हा लाभ मोठा होता. कारण मराठी न जाणणाऱ्याला ‘पाठलाग’ पाहण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

आज हें कारण तितकें उरलेलें नाहीं. आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यांत कंपनीच्या एकाच बसमध्यें मराठी, कानडी, तमिळ, उडिया आणि भोजपुरी बोलणारे कामगार शेजारीं शेजारीं बसतात. पाळी संपवून परतणारा तरुण आपल्या मोबाइलवर मल्याळी चित्रपट, खालीं उमटणाऱ्या भाषांतराच्या ओळी वाचीत, मुळांतच पाहूं शकतो. तेव्हां केवळ भाषा बदलली एवढ्या पुण्याईवर नवा चित्रपट उभा राहणार नाहीं. त्याला नव्या मातींत मूळ धरावें लागेल. २०१३ सालच्या ‘दृश्यम्’ या मल्याळी चित्रपटाचें हिंदी रूप निशिकांत कामत यांनीं २०१५ सालीं गोव्यांत घडविलें. केरळचा जॉर्जकुट्टी तेथें विजय साळगांवकर झाला, आणि पणजीची सहल व बसचीं तिकिटें हे त्याच्या बचावाचे पुरावे ठरले. या कथेंत गुन्हा प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोरच घडतो. कुटुंब वांचेल काय, ही उत्कंठा असते. म्हणून ती अनेक भाषांत, इतकेंच काय चिनी भाषेंतहि, पुन्हां सांगितली गेली तरी शिळी झाली नाहीं. ज्या कथेचें सारें बळ अखेरच्या एका नांवांत असतें, तिला हें भाग्य लाभत नाहीं.

जागेप्रमाणेंच काळाचाहि विचार केला पाहिजे. ‘इत्तेफाक’ पडद्यावर आला तेव्हां पिंपरी-चिंचवडची नगरपालिकासुद्धां अस्तित्वांत नव्हती. ती १९७० सालची. त्या जगांत माणूस रात्रीच्या अंधारांत खरोखरीच नाहींसा होऊं शकत असे. आज चाकणच्या कारखान्याच्या फाटकावर कार्डाची नोंद होते, चौकांत कॅमेरा असतो, आणि खिशांतील मोबाइल आपल्या मालकाचा ठावठिकाणा मनोऱ्याला कळवीत राहतो. ‘पाठलाग’मधील पेंच तर याहून नाजूक. १९६४ सालीं सामान्य गृहिणीच्या बोटांचे ठसे कोणाच्या दप्तरीं नसत. आज न्यायालयानें तिचें बोट आधारच्या यंत्रावर टेकविण्यास सांगितलें, तर दोन घटकांचें नाट्य अर्ध्या मिनिटांत आटोपेल. जुन्या कथेला नुसता आजचा पोषाख चढविणारा दिग्दर्शक अशा वेळीं पात्रांना अकारण मूर्ख बनवितो, किंवा मोबाइल ऐन वेळीं बंद पाडतो. प्रेक्षक हें ओळखतो. त्यानें एकतर कथा तिच्याच काळांत राहूं द्यावी, किंवा आजच्या पुराव्यांतून आजची गांठ नव्यानें बांधावी.

ही गोष्ट आपल्या परिसरानें एका वेगळ्या वस्तूंत पाहिलेली आहे. आकुर्डीच्या बजाज कारखान्याची चेतक स्कूटर १९७२ सालीं निघाली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाचें वाहन झाली. पुढें ती बंद पडली. २०१९ सालीं तेंच नांव घेऊन विजेवर चालणारी चेतक चाकणला तयार होऊं लागली. पेट्रोलचें इंजिन गेलें, गिअर बदलण्याची मूठ गेली. पत्र्याचें अंग आणि गोलाईचें वळण राहिलें. लोकांच्या स्मरणांत जें होतें तें राखलें, आणि ज्याच्या बळावर वाहन चालतें तें नव्या काळाचें घातलें. रहस्यपटांचें पुनर्निर्माण करणारे पुष्कळदां याच्या उलट करतात. इंजिन जुनेंच ठेवतात आणि रंग तेवढा बदलतात.

आतां राहिला शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा. नव्या चित्रानें जुन्याचा बळी घेतां कामा नये. ‘गॅसलाइट’ या नाटकावर इंग्लंडमध्यें १९४० सालीं चित्रपट झाला होता. अमेरिकेच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें १९४४ सालीं तोच विषय घेतला, तेव्हां आधींच्या चित्रपटाच्या प्रती नाहींशा करण्याचा घाट तिनें घातला, असें चित्रपटाच्या इतिहासांत नमूद आहे. सुदैवानें तो वांचला. आपल्याकडे असा दुष्टावा लागत नाहीं; अनास्था पुरेशी होते. पुण्यांत १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, हें आपलें भाग्य. परंतु जानेवारी २००३ मध्यें पुण्यांतच लागलेल्या आगींत त्याच्या संग्रहांतील जुन्या नायट्रेट फिती जळून गेल्या. जळालेल्या फितीला पुनर्निर्मिति हा उपाय नाहीं. नव्या चित्रपटावर कोट्यवधि रुपये ओतणाऱ्यानें त्यांतील अल्पसा अंश जुन्या प्रतीच्या डागडुजीसाठीं वेगळा काढला, तर त्याचें ऋण फिटेल आणि त्याच्या कामाचें मोजमाप करण्यास प्रेक्षकाच्या हातीं मापहि राहील.

सारांश, जुना रहस्यपट पुन्हां काढणें हें पाप नाहीं आणि पुण्यहि नाहीं. करणाऱ्याजवळ मूळ चित्रानें न विचारलेला प्रश्न हवा, कथा नव्या जागेंत व काळांत रुजविण्याचें कष्ट हवेत, आणि जुनें चित्र जिवंत ठेवण्याची दानत हवी. यांतील पहिली गोष्ट नसेल तर पैसा वायां जातो. दुसरी नसेल तर प्रेक्षकाची संध्याकाळ वायां जाते. तिसरी नसेल तर मात्र जें जातें तें परत येत नाहीं.

येत्या रविवारीं घरांतील मुलांना जुना ‘इत्तेफाक’ किंवा ‘पाठलाग’ आधीं दाखवावा आणि नवें रूप मागाहून. दोन्हींविषयीं जेवणाच्या पानावर वाद व्हावा. मात्र ज्यांनीं आधीं पाहिलें असेल, त्यांनीं खुनी कोण हें मध्येंच सांगूं नये.