केसपेपरची खिडकी



पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांची शीव महाराष्ट्राला भिडलेली आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडला की बांदा. इब्रामपूर-हणखणे, साळ, लाटंबार्से या गावांच्या पलीकडे दोडामार्ग. अठराव्या शतकात पोर्तुगिजांनी घेईपर्यंत हा सारा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. सीमा बदलली, पण रोटीबेटीचा व्यवहार तसाच चालत राहिला. बांद्याची मुलगी कोरगावात दिलेली असते, हरमलची लेक दोडामार्गात नांदत असते. रोज सकाळी तिकडची तरुण मुले मोटारसायकलीवरून इकडच्या कारखान्यांत कामाला येतात आणि रात्री परत जातात. या सगळ्यांसाठी मोठे इस्पितळ म्हणजे बांबोळीचे गोमेकॉ.

1842 साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारी ही संस्था. 1963 पासून ती गोवा वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखली जाते. दोडामार्गातून निघालेली रुग्णवाहिका तासा-दीड तासात बांबोळीला पोचते. कोल्हापूर गाठायचे तर घाट चढावा लागतो, आणि डोक्याला मार लागलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. 2018 साली तर सिंधुदुर्ग जिल्ह्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही नव्हते.

2018 च्या जानेवारीपासून गोवा सरकारने गोव्याबाहेरच्या रुग्णांना सरकारी इस्पितळांत शुल्क लावले. निर्णय अविचाराचा होता असे मी म्हणणार नाही. त्यामागची अडचण खरी होती, आजही आहे. गोमेकॉच्या वॉर्डात खाटा पुरत नाहीत. पेडण्याहून नेलेल्या म्हाताऱ्याला जमिनीवर गादी टाकून झोपवले, हे नातेवाइकांनी कितीदा पाहिले आहे. कर आम्ही भरतो, मग आमच्याच माणसाला खाट का नाही, हा त्यांचा सवाल रास्त आहे. शिवाय राज्यघटनेप्रमाणे इस्पितळे हा राज्यांचा विषय. महाराष्ट्राने आपल्या टोकाच्या तालुक्याची सोय केली नाही, तर त्याचा भार गोव्याने का उचलावा?

पण हा प्रश्न प्रत्यक्षात कोणाला विचारला गेला ते पाहा. पर्वरीच्या सचिवालयाने तो मुंबईच्या मंत्रालयाला विचारायला हवा होता. विचारला गेला तो केसपेपरच्या खिडकीवर. समजा, पेडण्यातच जन्मलेली, तिथल्याच आरोग्य केंद्रात लस टोचून घेतलेली, इथल्याच शाळेत शिकलेली एक मुलगी लग्न होऊन दोडामार्गात गेली. रेशनकार्डावर नाव सासरचे, आधारवर पत्ता सासरचा. बाळंतपणाला ती माहेरी आली आणि अडचण उभी राहिली म्हणून बांबोळीला आणली. खिडकीवरचा कारकून कार्ड मागतो. कार्ड सांगते, ही बाहेरची. मागे रांग लागलेली असते. तिची आई मालवणीत सांगत असते की बाबा, ही आमचीच. कारकुनाच्या हातात नियम असतो, अधिकार काहीच नसतो. सूट देण्याची मुभा त्याला नाही, आणि नाही म्हणायचे काम मात्र त्याचे. नियमावर सही करणारा त्या वेळी तिथे नसतो.

इस्पितळाच्या कारभारातला नैतिक पेच असा खिडकीवर उभा असतो. तत्त्वांची पुस्तके वाचून तो सुटत नाही. हिशेब कोणाकडे मागायचा हे ठरवल्याने तो सुटतो.

दोडामार्गची माणसे 2018 सालीच या शुल्काविरुद्ध आंदोलनाला बसली. पुढे महाराष्ट्राच्या महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेतून सिंधुदुर्गच्या रुग्णांचा खर्च भागवण्याची वाट निघाली. म्हणजे पैशाचा हिशेब अखेर दोन सरकारांकडे गेला. हेच आधी करून मग नियम लावता आला असता, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच वर्षी दिल्ली सरकारने गुरू तेगबहादूर रुग्णालयात बहुतांश खाटा दिल्लीकरांसाठी राखून ठेवल्या. ते रुग्णालयही उत्तर प्रदेशाच्या सीमेलगत, तिथेही तीच गर्दी. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये तो आदेश रद्द केला. त्याच्या बऱ्याच आधी, 1996 साली, सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात सांगून ठेवले होते की पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या माणसाला कोलकात्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. वेळेवर उपचार मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालय म्हणाले.

खिडकीवर जे घडते, म्हणजे अधिकार नसलेल्यानेच उत्तर द्यायचे, तेच वॉर्डात घडते, आणि ते अधिक भयंकर असते. मे 2021 मधल्या त्या रात्री गोव्यातला कोणताही माणूस विसरणार नाही. गोमेकॉत पहाटे दोन ते सहा या वेळात कोविडचे रुग्ण दगावत होते. 11 मे रोजी पहाटे 26 जण गेले, असे आरोग्यमंत्र्यांनीच सांगितले आणि उच्च न्यायालयाने चौकशी करावी अशी मागणी केली. ऑक्सिजनच्या सिलिंडरांची ट्रॉली ट्रॅक्टरने ओढून आणायची, ती जोडायची, आणि या जोडाजोडीच्या वेळात प्राणवायूचा दाब घसरायचा. दाबाच्या काट्याकडे पाहत उभे होते निवासी डॉक्टर, पंचविशी-तिशीतली पोरे. नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तर द्यायचे तेही त्यांनीच. त्यांची संघटना न्यायालयापुढे गेली आणि वॉर्डात काय चालले आहे ते तिने सांगितले. ऑक्सिजनअभावी एकही रुग्ण दगावता कामा नये, असा आदेश न्यायालयाने 12 मे रोजी दिला. काही दिवसांत वीस हजार लिटरची द्रव ऑक्सिजनची टाकी तिथे सुरू झाली. त्या आठवड्यात नेतृत्व कोणी केले असे मला विचाराल, तर मी त्या पोरांकडे बोट दाखवीन. वरिष्ठांना न आवडणारी गोष्ट त्यांनी वेळेवर आणि उघडपणे सांगितली.

असाच जून 2025 चा एक प्रसंग थोडक्यात सांगतो. आरोग्यमंत्री विश्वजीत राणे यांनी गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत जाऊन तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला सर्वांदेखत, कॅमेऱ्यासमोर खडसावले आणि निलंबनाचा हुकूम सोडला. एका वृद्ध महिलेला इंजेक्शन नाकारले, अशी तक्रार होती. तक्रार ऐकून घेणे हे मंत्र्यांचे कामच आहे. पण चौकशीआधीच शिक्षा झाली, तीही रुग्णांच्या रांगेसमोर. निलंबन होणार नाही, असे मुख्यमंत्र्यांना दुसऱ्या दिवशी जाहीर करावे लागले. मंत्र्यांनी माफी मागितली. डॉक्टरांचा आग्रह मात्र असा होता की अपमान जिथे झाला त्याच कॅज्युअल्टीत येऊन माफी मागा. मला तो आग्रह योग्य वाटला. रात्रपाळीच्या डॉक्टरला उद्या पुन्हा त्याच टेबलाशी बसायचे असते, त्याच लोकांसमोर.

खाटांची टंचाई मिटल्याशिवाय यातले काहीच सुटणार नाही, हेही खरे. पेडण्यात तुये येथे शंभर खाटांच्या इस्पितळाची इमारत उभी राहिली. ते पूर्ण क्षमतेने चालावे, गोमेकॉशी जोडले जावे, म्हणून पेडणेकरांना वर्षानुवर्षे मागणी करावी लागली, आंदोलने करावी लागली. भिंती बांधणे सोपे. भूलतज्ज्ञ, परिचारिका, रक्ताची सोय, रात्रपाळीचा डॉक्टर हे जमवणे अवघड. तुयेत आणि डिचोलीच्या आरोग्य केंद्रात साधे बाळंतपण, विंचूदंश, सर्पदंश, हाड मोडणे एवढे तरी रात्री-अपरात्री निभावले गेले, तर बांबोळीची खाट खऱ्या गरजूसाठी मोकळी राहील, मग तो गोव्याचा असो की दोडामार्गचा.

येत्या ग्रामसभेला जाल तेव्हा रस्ता आणि नळाच्या बरोबरीने हाही विषय मांडा. आपल्या जवळच्या इस्पितळात रात्री दोन वाजता कोण डॉक्टर असतो, कोणती औषधे असतात, रुग्ण पुढे पाठवायचा झाल्यास रुग्णवाहिका किती वेळात येते, हे विचारा. आरोग्य अधिकाऱ्यांना सभेत बोलवा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.