प्रतीक्षेचे दिवस
(वार्षिक सभेतील मनोगत)



आम्ही वाणिज्य शाखेचे. आमच्या खातेवहीत प्रत्येक येण्याला तारीख असते. रुग्णालयात मात्र काही गोष्टी आपला काळ घेतातच. गाठीचा काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणात बसवतात, त्याचे अतिशय पातळ काप रंगवतात आणि मगच तज्ज्ञ ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. घाई केल्यास निदान चुकण्याचा संभव. त्या दिवसांत नातलग आमच्या खिडकीशी येतात आणि "अहवाल आला का?" एवढेच विचारतात. त्यामागची भीती आम्हांस ऐकू येते.

अशा वेळी पुंडलिकाची कथा आठवते. मातापित्यांच्या सेवेत असलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवाकडे वीट सरकवली, आणि देव तिच्यावर उभा राहून वाट पाहू लागला. जो स्वतः थांबला, त्याला आपले थांबणे कळत नसेल काय? प्रत्येक अहवाल मनाजोगा येत नाही, हे आम्ही पाहिले आहे. तरीही उत्तर येईपर्यंत वेळेवर औषध द्यावे, घास भरवावा, उशाशी बसावे. परमेश्वराच्या वेळेवरील विश्वास तो हाच.

आमच्या दिरंगाईला मात्र ईश्वरेच्छा म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. तयार अहवाल मेजावर पडून राहिला, असे आमच्याकडूनही घडले आहे; त्याबद्दल आम्ही क्षमाप्रार्थी आहोत. देवाच्या वेळेत आमचा उशीर मिसळू नये, एवढी सुबुद्धी तो आम्हांस देवो.