निखारा आणि रोडग्याच्या मध्ये काय ठेवायचं?

आज बोलायचं आहे एका भट्टीबद्दल, आणि खरं सांगायचं तर भट्टीपेक्षा तिच्यासोबत घ्यायच्या सामानाबद्दल. आमच्या प्रभागातल्या एका गटात गेले पंधरा दिवस याच गोष्टीवर वाद चालू आहे. तुमच्याही गटात असली खरेदी कधीतरी निघेल, म्हणून म्हटलं रेडिओवरच बोलावं.

या गटाच्या बाया हिवाळ्यात हुरडा खायला येणाऱ्या पाहुण्यांना जेवण देतात. पुण्याची, संभाजीनगरची माणसं शेतावर येतात, हुरडा खातात, आणि दुपारी त्यांना भरीत-रोडगा हवा असतो. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याचे रोडगे लागतात ते वेगळेच. आतापर्यंत रोडगे गोवऱ्यांवर व्हायचे. चव काय सांगावी! पण साठ माणसांचा घाणा एकसारखा निघत नाही, राख झटकत बसावं लागतं, धुरानं डोळे जातात. म्हणून ग्रामसंघातून कर्ज घेऊन त्यांनी सिरॅमिकची बंद भट्टी घेतली. दिसायला रांजणासारखी, जाड भिंतीची, वर जड झाकण, खाली हवेची खिडकी आणि झाकणाला वरती दुसरी खिडकी. इंधन लाकडी कोळसा. तिचं मूळ जपानचं. तिकडे कामाडो म्हणजे चूलच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी असल्या चुली मायदेशी नेल्या आणि तिथून त्या जगभर पसरल्या.

भट्टी आली. सोबत दुकानदाराची यादीही आली: मातीच्या अर्धगोल चकत्या, पिझ्झाचा दगड, उंच जाळी, बिडाची जाळी, ठिबक ताट, दोन प्रकारचे थर्मामीटर, फिरता गज, चिमटे, ब्रश, पावसाळी कव्हर. कोषाध्यक्ष ताई म्हणतात, एकदाच सगळं घेऊन टाकू. सचिव ताई म्हणतात, एक रुपयाही घालायचा नाही, घरचा तवा टाकू मध्ये. वाद साधा वाटतो, पण या गटातल्या दोन जोड्यांनी यंदा कोयत्याची उचल घेतलेली नाही. दसऱ्यानंतर कारखान्यावर जायचं सोडून त्या या हंगामावर विसंबून गावात राहिल्या आहेत. म्हणून यादीतली प्रत्येक वस्तू त्यांच्या घराच्या हिशोबानं बघावी लागते.

आधी मुळाशी जाऊ. वांगं, कांदा, मिरची, मक्याचं कणीस थेट निखाऱ्यावर भाजायचं असतं. साल करपली तरी चालतं, उलट करपायलाच हवी. रोडग्याचं तसं नाही. मुठीएवढा जाड गोळा थेट निखाऱ्यावर ठेवला तर वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. आपल्या आज्या काय करायच्या? गोवऱ्या पेटल्या की लगेच रोडगे टाकायच्या नाहीत. जाळ बसू द्यायच्या, आर झाला, वर राख धरली, की मग त्यात रोडगे पुरायच्या. ती राख म्हणजेच आग आणि अन्न यांच्यामधला पडदा. रायगडकडे पोपटी करतात, त्यातही हेच: मडक्यात वालाच्या शेंगा, तोंडाला भांबुर्ड्याचा पाला, मडकं पालथं आणि जाळ बाहेरून. शेंगांना आग दिसतसुद्धा नाही. कुकरात वाळू घालून केक करणाऱ्या पोरींनाही हे ठाऊक आहे. मध्ये काहीतरी हवं, आणि भोवती कोंडलेली गरम हवा हवी. एवढंच शास्त्र.

सिरॅमिकच्या भट्टीत कोंडलेली हवा आपोआप मिळते, कारण जाड भिंत आणि झाकण. राहिला मधला पडदा. त्यासाठी यादीतल्या त्या मातीच्या चकत्या. विकणारे त्यांना हीट डिफ्लेक्टर म्हणतात, आपण आडचकती म्हणू. ती निखाऱ्याच्या वर आणि जाळीच्या खाली बसते. उष्णता तिला आपटून कडेनं वर चढते, झाकणाला लागते आणि वरून खाली येते. म्हणून रोडगा खालून-वरून सारखा भाजतो.

माझं मत विचाराल तर ही एक वस्तू भट्टीवाल्याचीच घ्यावी, कारण ती तिच्या मापाची असते. माप का महत्त्वाचं, तर चकतीच्या कडेनं सगळीकडून दोन-तीन बोटं जागा मोकळी लागते. तेवढी नसेल तर हवा वर जात नाही, निखारे गुदमरतात. एका बाजूलाच जास्त जागा राहिली तर त्या बाजूचे रोडगे करपतात. आणि घ्यायचीच तर एक पूर्ण गोल घेऊ नका, दोन अर्धगोल घ्या. कारण आपलं जेवण भरीत-रोडग्याचं आहे! एक अर्धगोल टाकला की अर्धी भट्टी झाकली जाते, अर्धी उघडी राहते. उघड्या बाजूला वांगी आणि मिरच्या थेट निखाऱ्यावर, झाकल्या बाजूला रोडगे. मोठा घाणा असेल तर दोन्ही टाका. आपल्या ताटासाठी यापेक्षा सोयीची वस्तू त्या यादीत दुसरी नाही.

सचिव ताईंचा तवाही मी मोडीत काढत नाही. बिडाचा जाड तवा पालथा घालून आडचकतीचं काम होतं. (आमच्या जिल्ह्याचं नाव आणि ओतीव लोखंडाचं नाव एकच, त्यामुळे बाहेरच्या माणसाला बिडाचा तवा म्हटलं की तो बीडहून आणलेला वाटतो.) फक्त तो भिंतीला घट्ट टेकू देऊ नका. लोखंड तापलं की फुगतं आणि मातीची भिंत ढकलतं. शिवाय बीड मातीपेक्षा लवकर तापतं, म्हणून रोडग्याची खालची बाजू लवकर लाल होते, उलटायची घाई ठेवावी लागते. अडीनडीला ठीक आहे.

कुंभारदादांकडून चकती करून घेता येईल का, असं दोघींनी विचारलं. येईल. जाड, पूर्ण भाजलेली आणि बिनचकाकीची हवी. चकचकीत लेप दिलेली माती नको, कारण काही लेपांत शिसं असतं. नवी चकती आधी उन्हात वाळवा, पहिल्यांदा मंद आचेवर तापवा. ओली किंवा गार चकती रसरसत्या निखाऱ्यावर ठेवली तर तडकणार. आणि ती कधीतरी तडकेलच असं धरून दोन करून ठेवा, म्हणजे पाहुणे पंगतीला बसलेले असताना धावपळ नको.

काय वापरू नये, ते मात्र नीट ऐका. नदीतला गोटा नको. त्यात पाणी मुरलेलं असतं, तापला की फुटून उडतो. शहाबादी किंवा कडप्पा फरशीचा तुकडा नको, तीही तडकते. पत्र्याच्या दुकानात मिळणारा जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तर अजिबात नको. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं आणि निखाऱ्याची धग त्याच्या कितीतरी पुढची असते. जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो. वेल्डिंग करणाऱ्या भावांना विचारा, त्यांना हा ताप माहीत असतो. ॲल्युमिनियमचं ताटही थेट निखाऱ्यावर धरू नका, ते वाकतं. आडचकतीच्या वर ठेवायला हरकत नाही.

आता ठिबक ताट. रोडग्यातून काही गळत नाही, म्हणून त्यासाठी ताट लागत नाही. कोंबडी किंवा मटण लावणार असाल तरच लागतं. चरबी तापलेल्या चकतीवर पडली की जळते आणि तो कडू धूर मटणाला लागतो. घरची जुनी स्टीलची परात चालते. फक्त ती चकतीवर सपाट ठेवू नका. खाली कौलाचे तीन तुकडे ठेवून बोटभर अंतर सोडा, नाहीतर परातीतला रसच करपतो. परातीत थोडं पाणी घाला. आणखी एक गोष्ट, चंपाषष्ठीचा नैवेद्य ज्या भट्टीतून निघतो तिथं मटण करायचं की नाही हे गटानं आधीच ठरवावं. करायचं ठरलं तर जाळी आणि चकती वेगळी ठेवा. पाहुणेही विचारतात.

पिझ्झाचा दगड सध्या सोडा. हुरड्याला आलेली लेकरं पिझ्झा मागतात हे खरं, पण मागणी येऊ द्या, मग बघू. घेतलाच तर दगड आणि आडचकती एकमेकांना चिकटवून ठेवू नका, मध्ये हवेला जागा हवी. चिकटले तर बूड करपतं आणि वरचं चीज पांढरंच राहतं. फिरता गज, ब्रश वगैरेंवर मी बोलतच नाही. उंच जाळी मात्र कामाची आहे, कारण झाकणाजवळ वरची उष्णता जास्त लागते आणि एका घाण्यात दोन मजले रोडगे बसतात. पण ती गावातले लोहारदादा साध्या लोखंडी सळईची करून देतील. रंग मारू नका म्हणावं.

थर्मामीटरवर थोडं थांबते. झाकणातला काटा झाकणाजवळची उष्णता सांगतो, रोडग्याजवळची नाही. आडचकती तापेपर्यंत जाळीवरची हवा गारच असते. काटा 200 दाखवतो म्हणून घाई करून रोडगे लावले तर ते कोरडे होतात, भाजत नाहीत. चकती टाकल्यावर अर्धा-पाऊण तास थांबा. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर जाळीवर ठेवला तर खरं कळतं. तो घ्यावा, महाग नसतो. रोडग्याला आणि बट्टीला 180 ते 200 अंश बरे. आणि खालची खिडकी सुरुवातीला एकदम सताड उघडू नका. ही भट्टी एकदा जास्त तापली की जाड भिंत लवकर गार होत नाही, खिडकी बंद करूनही तासभर वाट बघावी लागते. हळूहळू चढवत न्या.

रॉकेल टाकून पेटवू नका. माती वास धरते आणि पुढचे चार घाणे रॉकेलचे लागतात. कापूर, वाळलेला तुराटीचा काटका, यावर पेटते.

झाकण उघडण्याबद्दल आमच्या बायांना मी दोनदा सांगितलं, तुम्हालाही सांगते. खिडक्या बंद असताना आत हवा कमी पडलेली असते. झाकण एकदम उघडलं की हवा आत घुसते आणि जाळ बाहेर झेपावतो. आधी दोन बोटं उचला, थोडं थांबा, मग उघडा. पदर खोचलेला हवा, तोंड बाजूला हवं. हातमोजे घ्यायचे तर यादीतले महागडे नकोत, हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंगचे कातडी मोजे मिळतात, ते कोपरापर्यंत येतात.

भट्टी उघड्यावरच ठेवा. पुसात-माघात गार वारं सुटतं, मग बाया म्हणतात, शेडचं दार लावून घेऊ, ऊबही राहील. नका करू. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं दुखायला लागतं, झापड येते आणि माणूस तिथंच पडतं. उरलेले निखारे घमेल्यात घालून झोपायच्या खोलीत ऊब म्हणून नेणं तर जिवावरचं काम आहे.

त्या गटाच्या गुरुवारच्या बैठकीत मी हेच मांडणार आहे: दोन अर्धगोल चकत्या आणि जाळीवरचा थर्मामीटर भट्टीच्या कर्जातून उरलेल्या पैशात घ्यावा, मोजे हार्डवेअरमधून, जाळी लोहाराकडून, एक राखीव चकती कुंभाराकडून. बाकीची यादी पहिल्या महिन्याच्या जमा-खर्चानंतर उघडावी. कोषाध्यक्ष ताई रागावतील थोड्या, पण पैसा वाचवायची एक युक्ती त्यांनाच आवडेल अशी आहे. शेवटचा घाणा निघाला की वरची-खालची दोन्ही खिडक्या घट्ट बंद करा. हवा तुटते, निखारे विझतात, आणि दुसऱ्या दिवशी भट्टीत न जळलेला कोळसा तसाच सापडतो. राख झाडायची, जुना कोळसा एकत्र करायचा, वर थोडा नवा घालायचा, की परत पेटवायला तयार. गोवऱ्यांच्या आरात हे कधी जमत नव्हतं.