धाब्याच्या घरातली ओल



आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की खानदेशात धाब्यांवर, म्हणजे मातीच्या छपरांवर, खारी माती पडायची. सागाच्या तुळया, त्यांवर कड्या, किलच्या आणि वर मातीचा जाड थर अशी ही घरे. जळगावातल्या मेहरूणसारख्या जुन्या गावठाणांत ती आता भराभर पडताहेत. दोष पावसाला दिला जातो. पण जळगावचा पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्या हिशेबानेच ही घरे बांधलेली आहेत. घरे कुजतात ती आपण पाण्याच्या आणि वाफेच्या वाटा बुजवल्या म्हणून.

पहिली वाट साण्याची. चुलीवरच्या धाब्यातले हे भोक धुराबरोबर स्वयंपाकाची वाफही बाहेर नेई. गॅस आला, धूर संपला आणि लोकांनी साण्यावर फरशी ठोकली. वाफ मात्र रोज होतेच. ती कड्यांना धरते, लाकूड मऊ पडते, मग वाळवी येते. इंग्लंडमध्ये जुनी घरे राखणारे लोक वापरात नसलेल्या धुराड्यावर टोपी बसवतात, पण आत हवा खेळेल असा झरोका ठेवतात. आपणही तेच करावे. साण्यातली काजळी, घरटी काढावीत, कडेचा कठडा धाब्यापासून वीतभर उंच घ्यावा, वर झाकण उचलून बसवावे आणि चारी बाजूंनी जाळी लावावी. कठड्याभोवती सिमेंट लावू नये. माती उन्हापावसात हलते, सिमेंट हलत नाही. सांध्याला चीर पडते आणि पाणी नेमके तिथूनच उतरते. तिथे चुनाच हवा.

खारीचे कामही समजून घेण्यासारखे आहे. या मातीत सोडियमचे क्षार असतात. पहिली सर पडली की मातीचे बारीक कण सुटे होतात आणि बारकी छिद्रे बुजवतात. म्हणून ती पावसाआधी पसरायची, उतार पन्हाळ्याकडे ठेवायचा.

भिंतीची ओल वेगळी. ती जमिनीतून वर चढते. गल्ल्यांचे काँक्रीट थरावर थर चढून जोत्याच्या वर गेले आहे, त्यामुळे पाणी भिंतीशीच साचते. त्यावर गवंडी आतून सिमेंटचा गिलावा सुचवतो. हा उपाय घातकच म्हणायला हवा. अडलेली ओल आणखी वर चढते, लोणा धरतो आणि क्षाराचे खडे वीट आतून फोडतात. आधी बाहेरचे पाणी गटाराला लावा, सिमेंट खरवडून काढा, भिंत एक उन्हाळा वाळू द्या. गिलावा मुरवलेल्या चुन्याचा, तोही पावसाळा संपल्यावर करा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात चुना जमण्याआधीच सुकतो.

खारी पसरणारे, चुना मुरवणारे जुने हात अजून गावोगावी आहेत. या आखाजीला त्यांना घरी बोलवा, आणि शेजारी एखादा तरुण गवंडी शिकायला उभा करा.