मुलींची कबड्डी : बाद फेरी आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्याकडे कोणी पाककृतींवर बोलते, कोणी बचतीवर, कोणी मुलांच्या संस्कारांवर. यंदा चिटणीसबाईंनी मला विचारले तेव्हा मी म्हटले, मी मुलींच्या कबड्डीच्या स्पर्धांवर बोलेन. त्या जरा हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु माझी धाकटी गेली सहा वर्षे कबड्डी खेळते आहे. तिच्याबरोबर घाटकोपर, भांडुप, कुर्ला, जोगेश्वरी, जिथे स्पर्धा असेल तिथे डबा आणि पाण्याची बाटली घेऊन मी जात आले. मैदानाच्या कडेला सतरंजीवर बसून जे पाहिले, जाणत्यांना विचारून जे समजून घेतले, तेच आज सांगणार आहे.

कबड्डी हा आपल्या मातीतला खेळ. आपल्या आज्या त्याला हुतूतू म्हणत, आणि लहानपणी परकर खोचून अंगणात खेळतही. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ परदेशी लोकांना करून दाखविला. १९५० साली अखिल भारतीय संघटना निघाली, १९५२ पासून राष्ट्रीय स्पर्धा भरू लागल्या, आणि १९५५ साली कलकत्त्यास महिलांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. आपल्या मुंबईचे बुवा साळवी यांनी या खेळासाठी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

भगिनींनो, १९५५ हे साल आपण ध्यानात ठेवावे. त्या वेळी इंग्लंडसारख्या पुढारलेल्या देशात बायकांच्या फुटबॉलला संघटनेची मैदाने बंद होती. १९२१ साली तिथल्या फुटबॉल संघटनेने घातलेली ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. आणि त्याच काळात आपल्याकडच्या मुली राष्ट्रीय स्पर्धेत दम घेऊन चढाई करीत होत्या! सत्तरच्या दशकात आपल्या पुण्याच्या शकुंतला खटावकर यांना कबड्डीसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा हा खेळ मुलींचा नव्हे, असे जर कोणी म्हणेल, तर त्याला इतिहास ठाऊक नाही एवढेच म्हणावे.

आता स्पर्धा कशी चालते ते थोडक्यात सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. एका बाजूला सात गडी. त्यांतली एक दम घेऊन पलीकडे चढाईला जाते. कोणाला हात किंवा पाय लावून ती मध्यरेषेवर परत आली, तर ज्यांना स्पर्श झाला त्या बाद. तिला तिकडेच धरून ठेवले, तर ती बाद. परंतु बाद झालेली कायमची बाद होत नाही. आपल्या संघाने समोरची एक बाद केली, की आपली बाहेर बसलेली एक परत आत येते. सातही जणी बाद झाल्या तर लोण चढतो, समोरच्यांना दोन गुण जादा मिळतात, आणि सातही जणी पुन्हा उभ्या राहतात.

स्पर्धेचे मात्र तसे नाही. बाद पद्धतीची स्पर्धा म्हणजे एक सामना हरला की घरी. तिचा हिशेब अगदी सोपा आहे, वाणसामानाच्या यादीहून सोपा. आठ संघ असले तर सात सामने, सोळा असले तर पंधरा. कारण शेवटी एक संघ जिंकतो आणि बाकीचा प्रत्येक संघ एकेकदाच हरतो. आयोजकांना हे सोयीचे पडते. कमी दिवस, कमी खर्च, आणि प्रत्येक सामन्याला गर्दी. पण आठांतले चार संघ पहिल्याच फेरीत घरी जातात. ज्या मुली तीन महिने सराव करून, दोन गाड्या बदलून येतात, त्यांच्या वाट्याला पाऊण तास खेळणे येते. त्यांत पहिल्यांदाच आलेला संघ असेल तर त्याची गाठ बहुधा एखाद्या मुरलेल्या संघाशी पडते, आणि तिशी-चाळिशीच्या फरकाने हरून मुली खाली मान घालून परत जातात. पुढच्या वर्षी त्या संघाचे नाव यादीत दिसत नाही.

म्हणूनच मोठ्या स्पर्धांत आधी गट पाडतात. गटात सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचे, त्याला साखळी म्हणतात, आणि त्यांतून वर आलेल्यांची बाद फेरी. मुलींच्या कबड्डीची वाढ पाहिली, तर तीही अशीच झाली आहे. ज्यांना पुन्हापुन्हा खेळायला मिळाले त्या वाढल्या.

ही वाढ सावकाश झाली. आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी १९९० साली बीजिंगला आली. मुलींना मात्र तिथे पोहोचायला आणखी वीस वर्षे लागली. २०१० साली चीनमधल्या ग्वांगझू येथे महिलांची कबड्डी प्रथम खेळली गेली, आणि सुवर्णपदक आपल्या मुलींनी आणले. २०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात आपण इराणला २५-१९ असे हरविले. त्या संघातल्या दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या तिघी महाराष्ट्राच्या, आणि राज्य सरकारने त्यांना प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. त्या बातमीनंतर किती घरांतल्या वडिलांचे मन वळले असेल! २०१४ साली इंचिऑनला पुन्हा सुवर्ण मिळाले, आणि २०१५ चा अर्जुन पुरस्कार अभिलाषा म्हात्रे यांना मिळाला.

पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली आणि दूरचित्रवाणीवर घरोघर पोहोचली. २०१६ साली तिच्याबरोबर महिलांचीही छोटी स्पर्धा घेतली. तीनच संघ होते. अंतिम सामन्यात स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सला एका गुणाने हरविले, २४-२३. इतका चुरशीचा सामना झाला, तरी पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही. पुरुषांची मात्र चालू राहिली. असे का झाले याचा विचार आपण करायला हवा. आपण बायकाच जर मुलींचे सामने पाहायला बसत नसू, तर तक्रार कोणाकडे करायची?

आता एक गोष्ट सांगते, ती मला फार आवडते. २०१८ साली जकार्ताला आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात आपल्या मुली इराणकडून २४-२७ अशा हरल्या. सगळ्या देशाला वाईट वाटले. परंतु इराणच्या त्या मुलींना शिकविले कोणी? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन यांनी. साठीच्या घरातल्या ह्या बाई परक्या देशात एकट्या गेल्या, त्यांची फारसी भाषा शिकल्या, मुलींना योगासने आणि श्वासाचे व्यायाम शिकविले, आणि त्यांना सुवर्णपदकापर्यंत नेले. हरल्याचे दुःख खरे, पण ज्या बाईच्या अंगी एवढी विद्या आहे ती आपल्याच महाराष्ट्रातली आहे, याचा अभिमानही तेवढाच खरा. वय झाले, आता आपल्याकडून काय होणार, असे म्हणणाऱ्या आम्ही चाळिशीतल्या बायकांनी ही गोष्ट गाठीला बांधून ठेवावी.

२०२३ साली हांगझूला आपल्या मुलींनी ते सुवर्ण परत मिळविले. चिनी तैपेईविरुद्ध २६-२५, एका गुणाचा फरक! त्या संघात महाराष्ट्राच्या सोनाली शिंगटे आणि स्नेहल शिंदे होत्या. आणि २०२५ साली ढाक्याला दुसरा विश्वचषक झाला, तोही आपणच जिंकला, ३५-२८ असा. पहिल्या विश्वचषकानंतर दुसरा यायला तेरा वर्षे लागली. पंधरा वर्षांची मुलगी या काळात अठ्ठावीस वर्षांची होते. तिची उमेद तोवर कोणी सांभाळायची?

जगातही असेच आहे. इंग्लंडात रग्बी लीग नावाचा एक खेळ आहे. त्यातही पळणाऱ्याला धरून खाली पाडायचे असते, आपल्या पकडीसारखेच म्हणा ना. तिथे पुरुषांची बाद पद्धतीची चॅलेंज कप स्पर्धा १८९६-९७ पासून चालते. बायकांची सुरू झाली २०१२ साली, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी. आणि २०२३ साली बायकांचा अंतिम सामना प्रथमच लंडनच्या वेम्बली मैदानावर झाला. लेकीने हे मला मोबाईलवर वाचून दाखविले तेव्हा मी म्हटले, पकड इकडची असो की तिकडची, बायकांची रांग मागेच लागलेली.

आता आपल्या उपनगराकडे येते. कबड्डीची जुनी ओळख गिरणगावची, लालबाग-परळची. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची घरघर लागली, आणि पुष्कळ कुटुंबे तिथून उपनगरांत राहायला आली. त्यांच्या ट्रंका-भांड्यांबरोबर हा खेळही इकडे आला. आज मुंबई उपनगरचे संघ राज्य स्पर्धेत उतरतात. शाळांमधून बारा-तेरा वर्षांच्या मुली भरपूर दिसतात. पण दहावी झाली की निम्म्या दिसेनाशा होतात, आणि लग्न ठरले की उरलेल्यांतल्या बऱ्याच. खेळात बाद झालेली परत येते, मैत्रिणींनो. घरच्यांनी बाद केलेली परत येत नाही.

त्यांना बाद करणारी कारणे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. एका स्पर्धेत, नाव घेत नाही, मुलींचा सहाचा सामना रात्री साडेदहाला सुरू झाला, कारण पुरुषांचे सामने लांबले. कपडे बदलायला आडोसा नव्हता. आम्ही आयांनी चादरी धरल्या. बक्षीस पुरुषांच्या निम्मेही नव्हते. सामना संपून शेवटच्या गाड्यांत आम्ही घरी आलो, तर त्यांतल्या एका मुलीला वडिलांनी दुसऱ्या दिवसापासून सरावाला पाठविले नाही. मी त्या वडिलांना दोष देत नाही. रात्री बारा वाजता मुलगी घरी येते, तर कोणाच्याही जिवाला घोर लागेल. दोष वेळेचा होता, आणि वेळ बदलता येते.

आणि मुलगी खेळत राहिली तर मिळते काय, असे विचारणाऱ्यांनाही सांगते. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण असतात. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. रेल्वेने कितीतरी कबड्डीपटू मुलींना नोकरी दिली आहे, आणि राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेच्या महिलांचा दरारा वर्षानुवर्षे आहे. स्वतःच्या पगारावर उभी असलेली मुलगी सासरीही मान वर करून राहते, हे तुम्हां-आम्हांला वेगळे सांगायला नको.

म्हणून आज मी या सभेपुढे एक सूचना ठेवते. पुढच्या वर्धापनदिनाला आपल्या मंडळाने मुलींची एक स्पर्धा भरवावी. मुलींच्या कबड्डीचे मैदान बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद, म्हणजे सुमारे चाळीस फूट बाय सव्वीस. हळदीकुंकवाला आपण जेवढा मांडव घालतो त्याच्या आसपासच. आठ संघ घ्यावे, चार-चारांचे दोन गट करावे. साखळीचे बारा सामने, मग दोन उपांत्य आणि एक अंतिम, असे पंधरा. रोज पाच सामने धरले तर तीन दिवस. मुलींचा सामना विश्रांतीसह पाऊण तासात उरकतो. दुपारी चारला सुरू केले तर पावणेआठला मैदान मोकळे, आणि प्रत्येक मुलगी जेवायच्या वेळेला घरी. यात कोणताही संघ तीन सामने खेळल्यावाचून परत जाणार नाही.

त्यासाठी फार मोठी वर्गणी नको. पंच आणि गुणलेखक उपनगरच्या संघटनेकडून मागता येतील. कपडे बदलण्यास आपल्या मंडळाची खोली आणि न्हाणीघर आहे. मुलींना चहा-पोहे आपण करू. ज्या हातांनी आपण शंभर माणसांचे जेवण रांधतो, त्यांना साठ-सत्तर मुलींचे पोहे जड नाहीत. पुरुष मंडळींनी मैदानाची माती कालवून, दाबून द्यावी आणि चुन्याच्या रेषा मारून द्याव्यात. आणि सगळ्यांत मोठे काम म्हणजे प्रेक्षक होणे. तीन संध्याकाळी मालिका बाजूला ठेवून आपण सगळ्याजणी सतरंज्यांवर येऊन बसावे, आणि आपल्या मुलीची नसली तरी चढाई पाहून टाळी वाजवावी.

सूचनेला कोणी अनुमोदन दिले, तर खर्चाचा अंदाज काढण्याचे आणि संघांकडे जाऊन बोलण्याचे काम मी स्वतःकडे घेते. मोठ्या विद्वान बाईसारखे मला बोलता येत नाही. जे बोलले ते मनापासून बोलले. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.